निश्चयक शून्य आला तर काय, हे मुलांना कधी विचारणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत गेल्या आठवड्यात एका पालकांनी लिहिलं होतं, की दहावीच्या बीजगणितातली निश्चयक पद्धत, म्हणजेच क्रेमरची पद्धत, काढून टाकावी. (निश्चयक म्हणजे समीकरणांतले सहगुणक, अर्थात चलांना गुणणाऱ्या संख्या, चौकोनात मांडून ठरलेले गुणाकार आणि बेरजा-वजाबाक्या केल्यावर येणारी एक संख्या.) एकसामयिक समीकरणं चलाचा लोप करून सुटतात, आलेख काढूनही सुटतात, मग क्रेमरच्या पद्धतीचं ओझं मुलांवर कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांची निम्मी तक्रार मला पटते आणि निम्मी अजिबात पटत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, पण मधला पट्ट्यांचा हिशेब तेवढा राहू द्या, ही विनंती.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. शिक्षण बी. एस्सी., विषय गणित. संध्याकाळी दुकानाचं काम आटोपलं की आमच्या गल्लीतली दहावीची मुलं वह्या घेऊन घरी येतात. क्लास नाही, फी नाही. अडलेलं विचारायचं आणि जायचं. त्यामुळे शाळेत काय शिकवलं जातं, त्यातलं डोक्यात काय उतरतं आणि नुसतं हातात काय उतरतं, हे मला रोज दिसतं.

आधी पटलेलं सांगते. दोनच चलं असतील तर निश्चयक पद्धतीने फार वेळ वाचतो असं नाही. पहिल्या समीकरणाला एका संख्येने गुणा, दुसऱ्याला दुसऱ्या संख्येने गुणा, वजा करा, एक चल गेलं. आणि चलं वाढत गेली तर ही पद्धत अंगावरच येते. तिसऱ्या कोटीच्या, म्हणजे तीन चलांसाठी लागणाऱ्या, निश्चयकाच्या विस्तारात ६ पदं असतात, चौथ्या कोटीच्या २४, पाचव्या कोटीच्या १२०. दहा चलं घेतली तर एकेका निश्चयकाचा सरळ विस्तार ३६,२८,८०० पदांचा, त्यातलं प्रत्येक पद म्हणजे दहा संख्यांचा गुणाकार, आणि असे निश्चयक लागणार अकरा. म्हणूनच मोठा समीकरणसंच संगणकावर सोडवायचा तर क्रेमरच्या पद्धतीने कोणी जात नाही. तिथेही एकेका चलाचा लोपच करतात, गाउसच्या नावाने ओळखली जाणारी रीत वापरून. तेव्हा नुसतं उत्तर काढायचं साधन म्हणून बघितलं तर त्या पालकांचं म्हणणं खरं आहे.

पण डीचं, म्हणजे समीकरणांतल्या सहगुणकांच्या निश्चयकाचं, खरं काम उत्तर काढण्याच्या आधीचं आहे. हातातल्या माहितीवरून उत्तर निघणार का, आणि निघालं तर एकच निघणार का, हे डी सांगतो. वर्गात नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

घरी येणाऱ्या मुलांचा हात या पद्धतीवर पक्का बसलेला असतो. सहगुणक मांडले, दोन उभ्या रेघा मारल्या, तिरके गुणाकार करून वजाबाकी केली, हा डी. पहिला स्तंभ काढून तिथे उजवीकडच्या संख्या घातल्या, हा डीएक्स. दुसऱ्या स्तंभाच्या जागी घातल्या, हा डीवाय. दोन भागाकार, उत्तराला चौकट. मग मी मुद्दाम एक असं उदाहरण घालते ज्यात डी शून्य येतो. मध्यंतरी एका मुलीने गुणाकार केला, खोडला, परत केला, मग आधीची बेरीज तपासली आणि शेवटी म्हणाली, "काकू, तुमचं उदाहरणच चुकलंय." तिच्या जागी दुसरं कोणीही असतं तरी हेच म्हणालं असतं. तिने तोवर सोडवलेल्या एकाही उदाहरणात डी शून्य आलेला नव्हता. शाब्दिक उदाहरणं अशीच रचलेली असतात, की डी शून्य येत नाही आणि उत्तर सुटसुटीत पूर्णांकात येतं.

वास्तविक हा प्रश्न पुस्तकातच आहे. गणित भाग १ च्या पहिल्याच प्रकरणात, क्रेमरच्या पद्धतीपाशी, एका छोट्या चौकटीत विचारलेलं आहे की डी शून्य असेल तर उकलीचं स्वरूप काय असेल, आणि सामाईक उकल शक्य नसेल तर त्या रेषांबद्दल काय म्हणता येईल. ज्यांनी ती चौकट घातली त्यांचे मी मनापासून आभार मानते. पण त्या चौकटीला गुण नाहीत, आणि दोन तासांच्या, ४० गुणांच्या पेपरची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांना गुण नसलेल्या चौकटीपाशी थांबायला सवड नाही. परीक्षेची तयारी म्हणून मुलांकडून घोटून घेतलं जातं ते असं: या निश्चयकाची किंमत काढा, किंवा डी इतका, डीएक्स इतका, तर एक्स किती? दुसऱ्या प्रश्नाला तर निश्चयक माहीतही असावा लागत नाही. नुसता भागाकार आला की झालं.

आता पट्ट्यांचा हिशेब. बाजारात माल विकला गेला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. पोती किती, वजन किती, भाव काय, आणि खाली कपात. समजा कपातीत दोनच बाबी आहेत: हमाली दर पोत्यामागे आणि तोलाई दर क्विंटलमागे. आणि समजा पट्टीवर या दोन बाबी वेगळ्या न दाखवता 'एकूण खर्च' अशी एकच ओळ लिहिलेली आहे. शेतकऱ्याला जाणून घ्यायचंय, की पोत्याला हमाली किती लावली आणि क्विंटलला तोलाई किती. (आकडे मुलांना सोपे जावेत म्हणून मी घेतलेले आहेत. बाजारातले चालू दर नव्हेत.)

पहिली पट्टी ४० पोती, २० क्विंटल, खर्च ३२० रुपये. दुसरी पट्टी ६० पोती, ३० क्विंटल, खर्च ४८० रुपये. दोन अज्ञात, दोन समीकरणं. मुलं लगेच कामाला लागतात. डी म्हणजे ४० गुणिले ३० वजा ६० गुणिले २०, म्हणजे १२०० वजा १२००. शून्य. हमालीचा निश्चयक ३२० गुणिले ३० वजा ४८० गुणिले २०, म्हणजे ९६०० वजा ९६००. शून्य. तोलाईचा ४० गुणिले ४८० वजा ६० गुणिले ३२०, तोही शून्य. इथे मी पेन खाली ठेवायला सांगते आणि पट्ट्यांकडे नीट बघायला सांगते.

प्रत्येक पोतं ५० किलोचं आहे! ४० पोत्यांचे २० क्विंटल, ६० पोत्यांचे ३० क्विंटल. दुसरी पट्टी म्हणजे पहिलीचीच दीडपट. तिच्यात नवीन माहिती काहीच नाही. दोन्ही पट्ट्या मिळून एवढंच सांगतात, की एका पोत्यामागे हमाली आणि अर्ध्या क्विंटलची तोलाई मिळून ८ रुपये जातात. मग हमाली ६ आणि तोलाई ४ असेल, किंवा ५ आणि ६ असेल, किंवा ७ आणि २ असेल. तिन्ही जोड्या दोन्ही पट्ट्यांना तंतोतंत बसतात. यावर एक मुलगा म्हणाला, "मग तिसरी पट्टी घ्या." घेतली. ८० पोती, ४० क्विंटल, ६४० रुपये. तरी तेच. पोतं ५० किलोचंच राहिलं तर वर्षभराच्या पट्ट्यांचं बाड आणलं तरी हमाली आणि तोलाई एकमेकांपासून वेगळ्या करता येणार नाहीत. समीकरणांची संख्या वाढल्याने माहिती वाढतेच असं नाही, हे त्या मुलाला तिथल्या तिथे कळलं. तोवर 'दोन अज्ञातांना दोन समीकरणं पुरतात' हे वाक्य त्याने पाठ केलेलं होतं.

आता दुसऱ्या पट्टीवर ४८० च्या जागी ४९० घाला. डी शून्यच राहतो, कारण तो फक्त पोती आणि वजन यांवरून निघतो. पण हमालीचा निश्चयक आता ९६०० वजा ९८००, म्हणजे उणे २००. शून्य राहिला नाही. याचा अर्थ असे कोणतेही दोन दर अस्तित्वातच नाहीत, जे दोन्ही पट्ट्यांना एकाच वेळी लागू पडतील. एकतर एका पट्टीची बेरीज चुकलेली आहे, नाहीतर मधल्या काळात दर बदललाय, नाहीतर तिसराच कसला तरी खर्च त्यात मिसळलाय. हिशेब लिहिणारी म्हणून मला हा भाग फार मोलाचा वाटतो. दर न काढताच दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत हे कळतं. कुठे बोट ठेवायचं हे कळलं की निम्मं काम होतं.

मग एक वेगळी पट्टी देते. पोती लहान, ४० किलोची. ५० पोती, २० क्विंटल, खर्च ३८० रुपये. ही पहिल्या पट्टीशेजारी ठेवली की डी येतो ४० गुणिले २० वजा ५० गुणिले २०, म्हणजे उणे २००. ऋण आला म्हणून मुलं दचकतात. दचकायचं काही कारण नाही. पट्ट्यांचा क्रम उलटा घेतला तर तोच धन होईल. हमालीचा निश्चयक ३२० गुणिले २० वजा ३८० गुणिले २०, म्हणजे उणे १२००. तोलाईचा ४० गुणिले ३८० वजा ५० गुणिले ३२०, म्हणजे उणे ८००. भागाकार केला की हमाली ६ आणि तोलाई ४. पोत्याचं वजन बदललेली एकच पट्टी मिळाली आणि दोन्ही दर मोकळे झाले.

एवढ्यावर थांबले असते, पण याच्या पुढची गोष्ट मला शाळेत किंवा कॉलेजात कोणी सांगितली नव्हती. ती कामावर समजली. प्रत्यक्षात पोतं कधीच बरोब्बर ५० किलो भरत नाही. समजा ६० पोत्यांचं वजन ३० क्विंटल २० किलो भरलं. हमाली ६ आणि तोलाई ४ धरली तर खर्च ४८० रुपये ८० पैसे. लिहिणाऱ्याने वरचे ८० पैसे सोडले आणि ४८० लिहिले. सगळेच सोडतात. आता ही पट्टी ४० पोती, २० क्विंटल, ३२० रुपयेवाल्या पट्टीबरोबर सोडवा. डी येतो ४० गुणिले ३०.२ वजा ६० गुणिले २०, म्हणजे ८. शून्य नाही, म्हणजे उत्तर एकच. हमालीचा निश्चयक ९६६४ वजा ९६००, म्हणजे ६४. हमाली ८ रुपये! तोलाईचा निश्चयक १९२०० वजा १९२००. तोलाई शून्य! खरे दर ६ आणि ४ असताना ८० पैशांच्या सुटीने तोलाई साफ नाहीशी झाली. तेच ८० पैसे वर ढकलून ४८१ लिहिले असते तर हमाली साडेपाच आणि तोलाई पाच आली असती.

हे कशामुळे होतं? डी फार लहान आहे म्हणून. १२०८ मधून १२०० गेले आणि ८ उरले, आणि त्या ८ ने भागताना वरची किरकोळ चूकही फुगून बाहेर येते. त्या दोन पट्ट्या जवळजवळ एकच गोष्ट सांगत आहेत. आलेखावर काढल्या तर दोन रेषा इतक्या चिकटून जातील, की त्या नेमक्या कुठे छेदतात हे डोळ्यांना ठरवता येणार नाही. डी शून्य नाही एवढं बघून समाधान मानू नये, तो आजूबाजूच्या आकड्यांच्या मानाने किती मोठा आहे हेही बघावं. दहावीच्या मुलाला हे समजत नाही असं कृपा करून कोणी म्हणू नये. आमच्या ओट्यावर बसलेल्या मुलांना समजलं, आणि त्यातली दोघं गणितात जेमतेम पास होणारी आहेत.

त्या पालकांना दुसरं एक सांगायचं आहे. निश्चयक पद्धत आणि चलाचा लोप या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. पहिल्या समीकरणाला दुसऱ्यातल्या वायच्या सहगुणकाने गुणा, दुसऱ्याला पहिल्यातल्या वायच्या सहगुणकाने गुणा, आणि वजा करा. वाय गेला, आणि एक्सच्या शेजारी जी संख्या उरली तीच डी. उजवीकडे उरली ती डीएक्स. फळ्यावर हे दाखवायला पाच मिनिटं पुरतात. न दाखवल्यामुळे मुलांना वाटतं की क्रेमर नावाच्या कोणी परदेशी माणसाने एक मंत्र दिला आणि तो पाठ करायचा. भागाकार डीने का करायचा, डी शून्य असताना का करता येत नाही, हे या पाच मिनिटांत आपोआप सुटतं. डी शून्य म्हणजे वाय घालवायला गेलो आणि त्याच्याबरोबर एक्सही गेला. आलेखाच्या धड्यात दोन रेषा समांतर आल्या किंवा एकमेकींवर बसल्या, तीही हीच गोष्ट. पण आलेखाचा धडा आणि निश्चयकाचा धडा यांच्यात शिकवताना अशी काही भिंत उभी राहते, की मुलं दोन्हींचा संबंध लावत नाहीत.

जाता जाता एक सूचना घरच्या मोठ्यांसाठी. जुन्या अभ्यासक्रमात तिरकस गुणाकाराची पद्धत शिकलेले काही पालक मुलांना तीच दाखवतात. तिच्यात स्थिर पद डावीकडे घेऊन समीकरण शून्याबरोबर लिहितात, आणि आताच्या पुस्तकात ते उजवीकडे असतं. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण एकत्र केल्या की चिन्हं उलटतात आणि एक्स उणे येतो. घरात एकच रीत ठेवा.

क्रेमर 'परदेशी' म्हणून ज्यांना लांबचे वाटतात त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. इसवी सन ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. आपला हा दक्षिणेकडचा मुलूख तेव्हा राष्ट्रकूटांच्याच अमलाखाली होता. त्यात एक गणित आहे: ९ महाळुंगं आणि ७ कवठं यांची किंमत १०७, ७ महाळुंगं आणि ९ कवठं यांची किंमत १०१, तर एकेका फळाची किंमत किती? महावीराचार्यांची रीत अशी की मोठ्या किमतीला मोठ्या संख्येने गुणा, छोट्या किमतीला छोट्या संख्येने गुणा, वजाबाकी करा आणि दोन्ही संख्यांच्या वर्गांच्या फरकाने भागा. १०७ गुणिले ९ म्हणजे ९६३, १०१ गुणिले ७ म्हणजे ७०७, फरक २५६. वर्गांचा फरक ८१ वजा ४९, म्हणजे ३२. २५६ भागिले ३२, महाळुंग ८ चं. कवठाचं गणित तसंच: ९०९ वजा ७४९, १६०, भागिले ३२, कवठ ५ चं.

आता हेच मुलांना निश्चयक पद्धतीने करायला सांगा. डी येतो ९ गुणिले ९ वजा ७ गुणिले ७, तोच ३२. डीएक्स २५६, डीवाय १६०. आकडा न् आकडा तोच. महावीराचार्यांनी निश्चयक शोधला असं मी म्हणत नाही. त्यांची रीत अदलाबदलीच्या या एका ठेवणीच्या गणितासाठी आहे. पण भाजक म्हणून जी वजाबाकी लागते ती इथल्या माणसाने साडेअकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे, हे वर्गात सांगितलं तर मुलं कान टवकारतात. आणि लगेच विचारता येतं की ८ महाळुंगं आणि ८ कवठं अशी दोन्ही वेळा घेतली असती तर? भाजक ६४ वजा ६४. मुलं स्वतःच सांगतात, की मग दोन्ही वेळा बाजार तोच झाला, त्यातून काय कळणार!

गॅब्रिएल क्रेमर जिनिव्हाचे, जन्म १७०४ चा. त्यांना अमुक बिंदूंतून जाणारा वक्र हवा होता. दुसऱ्या घाताचा वक्र पाच बिंदूंवरून ठरतो, म्हणजे पाच अज्ञात आणि पाच समीकरणं. ती सोडवायचा सर्वसाधारण नियम त्यांनी १७५० साली वक्रांवरच्या आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात दिला. त्यांच्याआधी जपानमध्ये सेकी ताकाकाझु यांनी १६८३ मध्ये आणि जर्मन गणिती लायबनिझ यांनी १६९३ मध्ये फ्रेंच गणिती लोपिताल यांना लिहिलेल्या पत्रात निश्चयकाची कल्पना मांडलेली होती. मुलं ज्या दोन उभ्या रेघा मारतात त्या आर्थर केली या इंग्रज गणितज्ञांनी १८४१ मध्ये वापरायला सुरुवात केली. संख्यांच्या चौकटीतल्या मांडणीला मॅट्रिक्स हे नाव तर त्याहून अलीकडचं, १८५० चं, इंग्रज गणिती सिल्व्हेस्टर यांनी दिलेलं. आपल्या अभ्यासक्रमात मॅट्रिक्स अकरावीला भेटतं, आणि बारावीला त्याचा व्यस्त काढायची वेळ आली की पहिली अट हीच, की निश्चयक शून्य नको. आमच्या गल्लीतून अकरावी सायन्सला गेलेली मुलं सांगतात, की तिथे सगळं इंग्रजीतून आणि भराभर चालतं. दहावीला मराठीतून, शांतपणे, दोनच चलांवर ही अट समजून घ्यायची संधी हातची घालवली तर पुढे ती परत मिळत नाही. पद्धत काढून टाकण्याला माझा विरोध आहे तो यासाठी.

मोबाइलवर समीकरणं टाकली की उत्तर मिळतं, मग हाताने कशाला, असंही त्या पत्रात होतं. मी वरच्या पहिल्या दोन पट्ट्या एका मुलाच्या मोबाइलवर टाकून बघितल्या. 'उकल अनंत' असा शेरा आला. आणि ८० पैसे सोडलेली पट्टी टाकली तर त्याच मोबाइलने हमाली ८ आणि तोलाई शून्य असं ठणठणीत उत्तर दिलं, कसलीही सूचना न देता. पहिल्या शेऱ्याचा अर्थ आणि दुसऱ्या उत्तरातला धोका ज्याला डी समजलाय त्यालाच कळणार.

माझी मागणी फार मोठी नाही. पाठ्यपुस्तक बदलू नका, धडाही वाढवू नका. फक्त पेपर काढणाऱ्यांनी चौकटीतल्या त्या प्रश्नाला दोन गुण द्यावेत. गुण आले की शिक्षक शिकवतील आणि मुलं करतील, हे मी त्यांना दोष म्हणून म्हणत नाही, व्यवहार म्हणून म्हणते. प्रश्न असा असू शकेल: 'एका पट्टीवर ४० पोती, २० क्विंटल आहे. दुसऱ्या पट्टीवर पोती आणि वजन यांचे असे आकडे लिहा, की दोन्ही पट्ट्यांच्या एकूण खर्चावरून हमाली आणि तोलाईचे दर काढता येतील. तुमच्या आकड्यांसाठी डीची किंमत काढून दाखवा.' आणि त्याखाली, 'दर काढता येणार नाहीत असेही एक उदाहरण लिहा.'

याला शंभर उत्तरं येतील, मग तपासायचं कसं, असा आक्षेप मला एका शिक्षकांनी घेतला. तपासणं अवघड नाही. मुलाने पोती ५० आणि वजन २० लिहिलं असेल तर परीक्षकाने ४० गुणिले २० आणि ५० गुणिले २० ताडून बघायचं. दोन गुणाकार वेगळे आले, पूर्ण गुण. सारखे आले तर पहिल्या भागाला शून्य, पण मुलाने तेच उदाहरण दुसऱ्या भागात लिहिलं असतं तर तिथे पूर्ण गुण. उत्तरपत्रिकेमागे अर्धं मिनिटही जास्त लागणार नाही. शाळांच्या सराव परीक्षा मंडळाच्या परीक्षेआधी होतात, तेव्हा सांगली-साताऱ्याकडच्या गणिताच्या शिक्षकांनी मंडळाची वाट न बघता हा प्रश्न या वर्षीच्या सराव पेपरात घालून बघावा. पट्ट्यांचे आकडे वर दिलेलेच आहेत, ते जसेच्या तसे घेतले तरी चालतील.

आपली विश्वासू,
एक वाचक
मार्केट यार्ड, सांगली

(दुकानाचा संबंध येतो म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)